नाल्यावरच्या भिंती

मित्रांनो, स्वस्थ बसणे मला कधी जमले नाही. मी पाणी उपसणारा पंप आहे, डिझेलवर चालणारा, आता बराच जुना झालेला. सुरू झालो की माझे सगळे अंग थरथरू लागते. खालच्या विटा सरकतात, बोल्ट सैल होतात, आणि कोणाचे लक्ष नसले तर मी हलत हलत खड्ड्याच्या काठापर्यंत जातो. बंद असलो तरी मला चैन पडत नाही. कुठे पाणी साचले आहे असे कानावर आले की वाटते, मला उचला, तिकडे न्या, माझे हँडल फिरवा. सध्या मला कोणी उचलत नाही. बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या एका गोदामाच्या आवारात मी पत्र्याखाली पडून आहे. म्हणून तुम्हांला माझी गोष्ट सांगायला मला वेळ आहे.

माझा जन्म कोल्हापूरचा. तिथल्या एका ओतशाळेत वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड ओतले आणि मी आकाराला आलो. मला कानशीने घासले, बाजूला इंजिन जोडले, वरून हिरवा रंग दिला. पहिल्यांदा सुरू केले तेव्हा मी एवढा थडथडलो की कारागीर हसून म्हणाला, "हे बेणं फार उतावळं आहे!" बारसे म्हणाल तर तेच माझे बारसे.

ट्रकमधून मी बंगळूरला आलो. के. आर. पुरमच्या पलीकडे द्राक्षांचा एक मळा होता, तिथल्या विहिरीवर मला बसवले. मळ्याची मालकीण रोज माझ्या अंगावरची धूळ फडक्याने पुसायची. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. पण शहर वाढत वाढत मळ्याच्या कुंपणापर्यंत आले. आजूबाजूला खोल बोअर पडल्या, विहिरीचे पाणी खाली गेले, आणि मी नुसतीच हवा ओढू लागलो. पंपाला याहून वाईट काही नसते. हळूहळू मळ्याचे प्लॉट पडले आणि लिलावात मला शहराच्या बांधकामाच्या गोदामाने घेतले. तिथे काही वर्षे मी तुटक्या खुर्च्या आणि गंजलेल्या फावड्यांच्या मधे नुसता उभा होतो. शेजारच्या गल्ल्यांत पाणी भरे, माणसे ओरडत असत आणि मी कोरडा उभा असे. त्या तगमगीची आठवण आजही नको वाटते.

मग एकोणीसशे शहाण्णव साल आले आणि भगवंतराव आले.

भगवंतराव हे नाल्यांच्या कामावरचे इंजिनियर. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलुखातून बंगळूरला येऊन राहिलेले. घरात मराठी, बाहेर कन्नड. पावसाचे पाणी शहराबाहेर नेणाऱ्या मोठ्या नाल्याला इथे राजकालुवे म्हणतात. नाव राजाचे, पण त्यात गाळ, प्लॅस्टिक, मेलेली कुत्री आणि फुटके संडासाचे भांडे, सगळे काही सापडे. तिथे उतरायला माणूस मिळत नव्हता. आणि त्याच वेळी भगवंतरावांच्या घराजवळच्या पोलीस चौकीत रोज तीच ती तरुण मुले-मुली दिसत. शाळा सुटलेली, घराने टाकलेली, काही चोरीत सापडलेली, काही नुसतीच संशयावरून आणलेली. भगवंतरावांनी वरच्या कार्यालयात जाऊन सांगितले, "या पोरांना मला द्या. मी त्यांना कामावर घेतो." लोक हसले. एक जण म्हणाला, "तुमची फावडीसुद्धा विकून खातील." तरी कशीबशी परवानगी मिळाली, तीही एका मोसमापुरती. काही गडबड झाली तर काम बंद, अशी अट होती.

अशी एक टोळी जमली. सगळी अठरा-वीस वर्षांची. त्यांच्यावर मुकादम म्हणून व्यंकोजीअण्णा होते, पांढऱ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे, बोलताना निम्मे कन्नड बोलणारे. त्यांनी गोदामात फेरी मारली, मला पाहिले आणि माझ्या अंगावर थाप मारली. "हा चालेल. स्वल्प तेल-पाणी केलं की पळेल."

माझ्यावर त्यांनी कस्तुरीला नेमले. कस्तुरी मुलींच्या वसतिगृहातून पळालेली. मार्केटात भाजीच्या पाट्या उचलून पोट भरायची आणि भांडणात कोणाला हार जायची नाही. पहिल्या दिवशी तिने माझे हँडल मारले, तर मी असा उलटा झटका दिला की ती चिखलात बसली. टोळीतले सगळे हसले. ती उठली, मला कन्नडमध्ये दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा हँडल धरले.

"अगं, अंगठा गुंडाळू नकोस," व्यंकोजीअण्णा ओरडले. "बोटांच्याच बाजूला ठेव. उलटं फिरलं तर मनगट जाईल."

"सरी अण्णा," ती होकार देत म्हणाली आणि तिने पुन्हा जोर लावला. मी सुरू झालो. इतक्या वर्षांनी पाणी पोटात शिरल्यावर मला काय वाटले ते कसे सांगू! तिने माझ्या अंगावर हात ठेवला होता. तिच्या हातालाही कंप होता. तो माझा होता की तिचा, ते मला कळले नाही.

टोळीत शंभूराज नावाचा एक मुलगा होता. बारीक अंगाचा, सतत बोटे हलवत राहणारा. कुलूप उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सायकलचे, दुकानाचे, गोदामाचे, कसलेही कुलूप असो, तारेचा तुकडा मिळाला की झाले. त्या हुशारीपायी तो पकडला गेला होता. कोर्टाने त्याला एका अटीवर सोडले होते: पुन्हा कोणाच्या कुलपाला हात लावला तर सरळ तुरुंग. त्याची आई जमनाबाई अगरबत्त्या वळायची. गल्लीत कोणाचा तांब्या हरवला तरी लोक आधी तिच्या दाराकडे बघत. तिने मुलाशी बोलणेच सोडले होते. त्याचे ताट ती वाढून ठेवी आणि पाठ करून बसे. नाल्याचे काम लागल्यावर मात्र एकदा तिने त्याला विचारले होते, "आज चिखल फार होता का?" ते त्याने कस्तुरीला असे सांगितले जसे कोणी बक्षीस मिळाल्याचे सांगतो.

त्या पावसाळ्यात आम्ही वणवण फिरलो. एक वरची गल्ली होती, तिथे सारखे पाणी भरत असे. मी उपसायचो, गल्ली कोरडी व्हायची, आणि पुढच्या सरीला पुन्हा गुडघाभर पाणी. लोक वैतागले होते. "ही चोरांची टोळी आणून बसवली आहे, काम कुठे करतात?" असे ऐकू यावे इतक्या मोठ्याने बोलत. एका घरच्या बाईने कस्तुरीने पाणी मागितल्यावर दार लावून घेतले. कस्तुरी हातातला पाना गरगर फिरवत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मलाही राग येत होता. तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसायचे, याला काय काम म्हणायचे?

शेवटी भगवंतराव म्हणाले, "खाली कुठेतरी नाला अडला आहे. आत जाऊन बघायला हवं."

शंभूराज आणि कस्तुरी कमरेला दोर बांधून नाल्यात उतरले आणि वाकून पुढे गेले. नाल्याच्या त्या भागावर घरांची एक रांग होती. दगडी ओळ म्हणत तिला. गरिबांची घरे. पुढची बाजू जमिनीवर, पण जागा पुरेना म्हणून प्रत्येकाने मागे नाल्यावर दगडी लाद्या टाकून स्वयंपाकघर काढलेले. लाद्यांना आधार म्हणून नाल्यातच विटांचे खांब उभे केलेले. त्या खांबांना अडकून गाळाचा आणि प्लॅस्टिकचा बांधच झाला होता.

बाहेर आल्यावर कस्तुरी भराभर सांगू लागली. शंभूराज गप्प होता. भगवंतरावांनी त्याला विचारले, "काय रे, सगळ्यात जास्त कुठे अडलं आहे?"

तो थोडा वेळ पायाने चिखल उकरत राहिला. मग म्हणाला, "साहेब, वरून अगरबत्तीचा वास येत होता. आमच्याच स्वयंपाकघराखाली."

तो खोटे बोलू शकला असता. कोणाला कळलेही नसते.

भगवंतरावांनी वर कळवले. त्यांना वाटले होते की मोजमाप होईल, बोलणी होतील. पण वरच्या गल्लीतल्या लोकांनी आधीच ओरडा केला होता. शनिवारी सकाळी हुकूम आला: सोमवारी बुलडोझर येणार, नाल्यावर असलेली दगडी ओळ पाडणार. नुसती स्वयंपाकघरे नाही, सगळी घरे. यंत्राला अर्धे घर पाडता येत नाही.

भगवंतराव नाल्याच्या काठावर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळे सांगितले. व्यंकोजीअण्णांनी मुंडासे काढून पुन्हा बांधले. शंभूराजची बोटे नुसती हलत होती. मग तो एकदम म्हणाला, "साहेब, सोमवारी बुलडोझरला पाडायला काही उरलंच नाही तर?"

"म्हणजे?"

"नाल्यावर जेवढं आहे तेवढं आम्ही उतरवतो. हातानं. मातीच्या गाऱ्यातल्या विटा आहेत, अख्ख्या निघतील. खांबही काढतो. नाला मोकळा झाला तर घरं कशाला पाडायची?"

"एका दिवसात?" भगवंतराव म्हणाले. "आणि लोक हात लावू देतील?"

"आमच्या घरापासून सुरू करू," शंभूराज म्हणाला.

भगवंतरावांनी खिशातला हुकमाचा कागद काढून पुन्हा वाचला. "मी वर सांगतो की काम मी करून घेतो आहे," ते म्हणाले. "सोमवारी नाला मोकळा दिसला तर मी यंत्र थांबवीन. नाही दिसला तर माझ्या हातात काही नाही."

रविवारी उजाडताच आम्ही तिथे पोचलो. मला हातगाडीवरून आणून दगडी ओळीच्या वरच्या अंगाला उतरवले. नाल्यात खांब काढायचे तर तळ कोरडा हवा. म्हणून मुलांनी वाळूची पोती आडवी रचून पाणी अडवले, आणि ते अडलेले पाणी ओळीच्या खालच्या अंगाला फेकायचे काम माझ्याकडे आले. मी थांबलो असतो तर पोत्यांवरून पाणी आले असते आणि खाली काम करणारी मुले त्यात सापडली असती. कस्तुरीने माझ्या पायाखाली चार जादा विटा ठोकल्या. "आज हलायचं नाही हं," ती मला म्हणाली.

जमनाबाई आपल्या स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. समोर अगरबत्तीच्या काड्यांचा ढीग तसाच पडला होता. शंभूराज हातात पहार घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"आई, उठ."

"लोकांची घरं उघडायचास," ती म्हणाली. "आता स्वतःचंच पाडायला आलास?"

"उद्या यंत्र येणार आहे. ते सगळंच पाडेल. मी फक्त एवढंच काढतो. पुढच्या खोलीत चूल मांडून देतो."

"तुझ्या बापानं बांधली ही भिंत. त्याच्या हातच्या विटा आहेत."

"म्हणूनच दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही," तो म्हणाला. "एकही फोडणार नाही. बघ तू."

ती उठली नाही. तो खाली बसला आणि तिच्या डब्यांना हात घातला. मिठाची बरणी, रागीच्या पिठाचा डबा, तवा, एकेक करत तो पुढच्या खोलीत नेऊन ठेवू लागला. ती नुसती बघत होती. शेवटी ती स्वतःच उठली, तिने काड्यांचा ढीग पदरात घेतला आणि बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला बसली.

पहिली वीट निघाली ती अख्खी निघाली. शंभूराजने ती पुसली आणि अंगणात रचून ठेवली. मग दुसरी. आजूबाजूची माणसे आधी लांबून बघत होती. कोणी शिव्या देत होते, कोणी "कोणाच्या हुकमानं?" म्हणून विचारत होते. पण विटांची रास वाढू लागली तेव्हा शेजारचा एक म्हातारा जवळ आला. त्याने रास हाताळून पाहिली आणि म्हणाला, "माझ्याही अशाच काढणार?" व्यंकोजीअण्णा म्हणाले, "अशाच. आणि पुढं आडोसा बांधून देणार, अण्णा." म्हातारा आपल्या घरात गेला आणि भांडी बाहेर काढू लागला. मग तिसरे घर, मग चौथे. दुपारपर्यंत ओळीतले सगळे लोक स्वतःच विटा झेलत होते.

मी तापलो होतो. डिझेलचा धूर माझ्याच तोंडावर येत होता. माझा एक बोल्ट खुळखुळत होता आणि पाय विटांवरून घसरू पाहत होते. तशात वरच्या अंगाला आभाळ काळे झाले. आमच्याकडे पाऊस नव्हता, पण वरच्या गल्ल्यांत तो कोसळत होता. ते पाणी येऊन पोत्यांना भिडले. मी जीव तोडून ओढू लागलो, आणि एकाएकी माझा घसा बसला. पाइपाच्या टोकाला असलेल्या जाळीवर कुठून तरी आलेले प्लॅस्टिक चिकटले होते. मी पुन्हा हवा ओढू लागलो. माझा आवाज बदलला.

कस्तुरीने तो ऐकला. "वर या!" ती खाली वाकून ओरडली. "सगळे वर या आधी!" मुले भराभर वर चढू लागली. पण तिने कमरेला दोर बांधला आणि पोत्यांच्या वरच्या बाजूला, गळ्यापर्यंतच्या पाण्यात उडी घेतली. डोके पाण्याखाली गेले. मी तडफडत होतो. वर शंभूराज तिचा दोर धरून उभा होता. मग माझ्या पोटात एकदम गार पाण्याचा लोंढा शिरला. ती वर आली, हातात प्लॅस्टिकचा लगदा, आणि खोकत खोकत हसली.

"काय बघता? उतरा की खाली!" ती म्हणाली.

दिवस मावळायच्या सुमारास एकच घर राहिले. ते नेमके ओळीच्या मधोमध होते आणि त्याला कुलूप होते. घर उल्हासचे. तो शिवणकामाच्या कारखान्यात काम करायचा आणि बायकामुलांना घेऊन लग्नाला धारवाडला गेला होता. त्याच्या स्वयंपाकघराखालचे खांब काढल्याशिवाय नाला मोकळा होणार नव्हता. खालून नुसते खांब काढले असते तर वरची भिंत सामानासकट कोसळली असती. आणि काही न करता सोडले असते तर सोमवारी यंत्राने त्याचे घर आणि दोन्ही बाजूंची घरे उडवली असती.

सगळ्यांचे डोळे शंभूराजकडे वळले. तो मागे सरकला.

"मी कुलपाला हात लावणार नाही," तो म्हणाला. "लावला तर काय होईल ते ठाऊक आहे मला."

"तेव्हा स्वतःसाठी उघडत होतास," कस्तुरी म्हणाली. "आज त्यांच्यासाठी उघड."

"पोलीस विचारतात का कोणासाठी? आणि मी गेलो तर टोळीही बंद होईल. तुम्ही सगळे जिथं होतात तिथंच परत जाल."

"मग घणानं तोडू," कोणीतरी म्हणाले.

"तोडलं तर चोरीच दिसेल," व्यंकोजीअण्णा म्हणाले.

मी धडधडत होतो. उजेड कमी होत होता. शंभूराज आपली बोटे मुठीत आवळून उभा होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"उघड."

जमनाबाई दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून काड्या वळत होती. ती आता उठून उल्हासच्या दाराला पाठ लावून उभी राहिली होती. सगळी ओळ ऐकेल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "मी सांगते म्हणून उघड. कोणी विचारलं तर मी सांगेन, माझ्यासमोर उघडलं, मी उघडायला लावलं. त्याचं सामान माझ्या घरात राहील. एक चमचा हरवला तरी मला धरा."

शंभूराज तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत ती चारचौघांत त्याच्या बाजूने पहिल्यांदाच बोलली होती. मग ती दारापासून बाजूला झाली. त्याने तारेचा तुकडा घेतला, कुलपाशी वाकला, आणि कुलूप उघडले. कोणीही टाळी वाजवली नाही. सगळे जण आत शिरले आणि भांडी, पेटी, देवांच्या तसबिरी एकेक करत जमनाबाईच्या पुढच्या खोलीत नेऊ लागले. उल्हासचे शिवणयंत्र शंभूराजने डोक्यावरून नेले आणि कुलूप पुन्हा लावून टाकले. अंधार पडायच्या आत शेवटचा खांब निघाला. वाळूची पोती काढली आणि अडलेले पाणी दगडी ओळीखालून सरळ निघून गेले. कस्तुरीने मला बंद केले. त्या शांततेत पाण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

सोमवारी बुलडोझर आला. भगवंतराव त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. बरोबरच्या अधिकाऱ्याने नाल्यात वाकून पाहिले, काठाने फेरी मारली आणि म्हणाला, "इथं माझं काम नाही." यंत्र नाल्याच्या पलीकडच्या काठावरच्या घरांच्या ओळीकडे गेले; तीही त्याच्या यादीत होती. तिथल्या लोकांना कोणी आधी सांगितले नव्हते. ती घरे दुपारपर्यंत सपाट झाली. दगडी ओळीत त्या दिवशी कोणी आनंद केला नाही. मुले पलीकडच्या ओळीतली भांडी ढिगाऱ्यातून काढायला धावत गेली, पण फारसे काही हाती लागले नाही. ते अजून माझ्या मनाला टोचते.

मंगळवारी उल्हास परत आला. घराला कुलूप जसेच्या तसे, आत गेला तर सामान नाही आणि मागची भिंत नाही. तो कोणाचे ऐकण्याआधीच चौकीवर धावला. पोलीस आले आणि शंभूराजला माझ्या शेजारून उठवून घेऊन गेले. त्याने काही सांगायचा प्रयत्नही केला नाही. जमनाबाई चपला न घालता त्यांच्या मागोमाग गेली. चौकीत ती फरशीवर बसून राहिली आणि एकच म्हणत राहिली, "मी सांगितलं म्हणून त्यानं उघडलं. मला आत बसवा." हे कस्तुरीने येऊन सांगितले. भगवंतराव घाईघाईने चौकीकडे निघाले. टोळी फावडी टाकून बसली. सगळ्यांना वाटले, संपले.

इकडे उल्हासला शेजारच्या म्हाताऱ्याने हाताला धरून जमनाबाईच्या खोलीत नेले. खोली त्याच्या सामानाने भरली होती. जमनाबाईला पाय पसरायलाही जागा उरली नव्हती. तसबिरी भिंतीशी नीट लावलेल्या. शिवणयंत्र तिच्या एकुलत्या चांगल्या साडीत गुंडाळलेले. म्हाताऱ्याने त्याला मागे नेऊन पलीकडच्या ओळीचा ढिगारा दाखवला. आपले घर मात्र उभे आहे, हे उल्हासने तिथून पाहिले. मग बाहेर येऊन त्याने म्हाताऱ्याची सायकल मागितली.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा सायकलच्या कॅरियरवर शंभूराज बसला होता. मागून भगवंतराव आणि जमनाबाई चालत येत होते. उल्हासने सायकल माझ्याजवळ थांबवली, घाम पुसला आणि रागानेच म्हणाला, "तक्रार मागं घेतली. पण मला तू दुसरं कुलूप आणून दे. तुला उघडता येणार नाही असं."

"तसं कुलूप बाजारात नाही, अण्णा," शंभूराज म्हणाला.

मग उल्हास मोठ्याने हसला, आणि त्याच्यामागून सगळी ओळ हसली. जमनाबाई हसली नाही. तिने पदराने मुलाच्या मानेवरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "चल, जेवायला वाढते."

ऑक्टोबरात मोठा पाऊस झाला. शहरात कितीतरी ठिकाणी पाणी भरले, पण वरची गल्ली कोरडी राहिली. दगडी ओळीतही पाणी शिरले नाही. ज्या बाईने दार लावून घेतले होते, तिने कस्तुरीला बोलावून कॉफी दिली. कस्तुरी ती प्यायली आणि पेला धुऊन परत दिला. तिथे पुन्हा जायचे मात्र तिने टाळले.

टोळीला आणखी दोन मोसम काम मिळाले. मग वरची माणसे बदलली आणि परवानगी पुढे वाढली नाही. भगवंतराव सगळीकडे खेटे घालून थकले. काही मुले नळजोडणीच्या कामाला लागली, काहींचे काय झाले ते मला कळले नाही, आणि एक जण पुन्हा चौकीत दिसला असे व्यंकोजीअण्णा सांगत होते. कस्तुरीला शहराच्या पाणीखात्यात मोठ्या पंपांवर काम मिळाले. ती निरोप घ्यायला आली तेव्हा तिने माझे तेल बदलले आणि सगळे बोल्ट घट्ट केले. शंभूराज आता कुलपे आणि किल्ल्या दुरुस्त करतो. दगडी ओळीच्या तोंडाशीच त्याची टपरी आहे, आणि गल्लीतले लोक गावाला जाताना किल्ल्या त्याच्याकडे ठेवून जातात.

मित्रांनो, मला कधी ना कधी भंगारात घालतील. त्याचे मला फार वाईट वाटत नाही, कारण लोखंड पुन्हा वितळते आणि दुसऱ्या कोणत्या तरी रूपात कामाला लागते. मला काळजी वाटते ती या शहरात रिकाम्या बसलेल्या तरुण हातांची. यंत्राला तेल लागते, तसे त्या हातांना काम लागते आणि त्या कामावर विश्वास टाकणारे कोणीतरी लागते. तुमच्याकडून मला फार काही नको. पाऊस थांबला की घराबाहेर पडा आणि आपल्या गल्लीतल्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन बघा. तिथे प्लॅस्टिक अडकले असेल तर काढा. आणि कोणी आधीच वाकून ते काढत असेल, तर नुसते बघत उभे राहू नका. त्याचे नाव विचारा आणि त्याच्या शेजारी तुम्हीही वाका.